टांझानियातल्या अरुशाला सफारीच्या आधी दोन दिवस मोकळे आहेत, सोबत 9 आणि 12 वर्षांची मुलं आहेत. जवळपास फारसं कुणी जात नाही असं काय बघता येईल?

सहा वर्षं अरुशात काढली आहेत, म्हणून लिहिते. आधी काय करू नका ते सांगते. गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्यासाठी वेगळी गाडी करू नका. फोटो दोन मिनिटांत होतो आणि मग चित्रं विकणारी पोरं अर्धा तास पाठ सोडत नाहीत.

तेंगेरूला जा. मोशी रोडवर बारा-तेरा किलोमीटर. बुधवारी किंवा शनिवारी गेलात तर मोठा बाजार सापडेल, आणि तिथूनच डुलुती तळं आणि पोलिश दफनभूमी दोन्ही जवळ. हो, दफनभूमी. नाक मुरडू नका, ते काम आमच्या घरात आधीच एकाने केलंय.

माझे धाकटे दीर जयसिंगपूरहून आले होते. कापडाचं दुकान आहे त्यांचं. सफारीची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती, म्हणून शनिवारी त्यांना डालाडालात, म्हणजे तिथल्या मिनीबसमध्ये, कोंबून तेंगेरूला नेलं. बाजारात खूश होते. मितुंबा म्हणजे परदेशातून येणाऱ्या जुन्या कपड्यांचे ढीग, त्यात उकिडवं बसून शर्ट उलटे करून शिवणी तपासत होते. मग खांगा बघितले, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात ती रंगीत कापडं. हे जोडीने विकतात, दोन्ही तुकडे न कापता, आणि खाली किनारीला स्वाहिलीत एखादी म्हण छापलेली असते. भावजींनी कापड उजेडाला धरलं, कडेला नख फिरवलं, आणि कोपऱ्यात 'मेड इन इंडिया' दिसल्यावर असे हसले की दुकानदारीणही हसायला लागली. दोन जोड घेतले. घासाघीस हिशेबाच्या यंत्रावर.

तिथून दफनभूमीला. ती पशुपालन शिकवणाऱ्या संस्थेच्या आवारात आहे, राखणदार फाटक उघडून देतो. आत दीडशेच्या आसपास थडगी, क्रूस, आणि आपल्याला धड वाचता न येणारी नावं. भावजी फाटकातच थांबले. "वैनी, सिंव्ह बघायला आणलंयसा का मसणात?"

मी म्हटलं, भावजी, ही माणसं आपल्या वळिवड्याच्या माणसांची भावकी. 1940-41 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरियात नि कझाकस्तानात नेऊन टाकलं. 1942 ला त्यातले काही इराणमध्ये बाहेर पडले, सैनिक सोडले तर बहुतेक बायका आणि पोरं. तिथून वाटण्या झाल्या. कुणी आफ्रिकेत तेंगेरूला, कुणी कोल्हापूरजवळ वळिवड्याला. दोन्हीकडे साधारण पाच-पाच हजार. एका तांड्यातल्या दोन बहिणींपैकी एक पंचगंगेकाठी आणि एक मेरू डोंगराखाली, असंही झालं असेल. 1948 ला वळिवड्याची छावणी उठली आणि त्याच बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी मंडळी राहिली. तेच आजचं गांधीनगर.

आता गंमत बघा. भावजी वीस वर्षं गांधीनगरातून माल उचलतात. आमच्याकडचे निम्मे बस्ते तिथेच बांधले जातात. आणि ते मला सांगतात, "काहीतरी सांगू नका वैनी, तिथं सिंधीच हायत पहिल्यापासनं." तेव्हापासून दर लग्नात एकच पालुपद, वैनीनं आफ्रिकेत मसण दाखवलं.

तर तुम्ही जा. अर्धा तास पुरतो. वहीत नाव लिहा आणि देशाच्या रकान्यात भारत लिहिल्यावर राखणदाराला वळिवड्याबद्दल सांगा.

डुलुती राहिलंच. जुन्या ज्वालामुखीच्या विवरातलं छोटं तळं, भोवती राखीव जंगल. काठाने पायवाट आहे, रमतगमत दीड तास. पाण्यात होडी वल्हवता येते. खंड्या हमखास दिसतो, घोरपडही. सकाळी लवकर जा, नंतर मेरू ढगात जातो आणि किलिमांजारो तर दिवसभर तोंड दाखवेलच असं नाही. दुसऱ्या दिवसासाठी चेमका, म्हणजे किकुलेत्वाचा झरा, मोशीच्या बाजूला आहे. नाव गरम पाण्याच्या झऱ्याचं, पाणी फारतर कोमट, पण काचेसारखं. छोटे मासे पायाला टोचतात, दोरीला लोंबकळून उड्या मारता येतात, मुलं बाहेर यायची नाहीत. रविवारी नको, गर्दी असते.

बाकी, डालाडालात मोबाईल खिशात ठेवा आणि मुलं लहान आहेत तर टॅक्सीच करा. आतल्या रस्त्याला बजाजी मिळते. रिक्षाला तिथे बजाजीच म्हणतात, पुण्याच्या कंपनीची कृपा. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर चिखल इतका की डुलुतीची पायवाट विसरा. बाजारात विचारल्याशिवाय बायकांचे फोटो काढू नका. शिलिंग सुटे ठेवा. मुलांना दफनभूमीत कंटाळा येईल, हे कबूल.

आणि भावजी, हे तुम्हाला कुणी पाठवलंच तर, कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्या पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे. गेल्या दिवाळीत बघून या म्हटलं होतं. जाऊन भेळ खाऊन आलात.