पाच मित्र, चौदा दिवस, सात शहरं, सगळा प्रवास रेल्वेने: युरेल पास घ्यावा का?

युरेल पास म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास. त्याचं सांगतोच, पण तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर मी अडलो. पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम अशी यादी दिल्यावर तुम्ही लिहिलंय, 'व्हिएन्ना ते व्हेनिस रात्रीच्या गाडीने करू, म्हणजे एका रात्रीचं हॉटेल वाचेल.' अगदी हेच वाक्य आमच्या ग्रुपमध्ये नाशिकच्या गंगापूर रोडला एका मित्राच्या गच्चीवर बोललं गेलं होतं. त्यावरून जी जुंपली ती आजवर मिटलेली नाही.

आधी यादीबद्दल. शहरं जास्त होतायत. पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅम साडेतीन तास, तिथून बर्लिन सहा, पुढे प्राग चार, व्हिएन्ना आणखी चार, व्हेनिसला दिवसाची गाडी सातेक, तिथून रोम चार. नुसत्या गाडीतच तीस तासांच्या आसपास गेले. त्यात बॅगा भरणं, स्टेशन गाठणं, नवं हॉटेल शोधणं धरा. दोन-तीन शहरं सरळ कापा. आणि परतीचं विमान जिथं उतरलात तिथूनच घेऊ नका. एका शहरात उतरायचं, दुसऱ्याच शहरातून निघायचं. आम्ही व्हिएन्नाला उतरलो आणि रोमहून निघालो, मागे फिरण्यात एकही दिवस गेला नाही.

आता पास. तारखा पक्क्या असतील आणि लांबचे टप्पे चार-पाचच असतील तर सुटी तिकिटं लवकर काढा, ती स्वस्त पडतात. तारखा मोकळ्या ठेवायच्या असतील, वाटेत मनात आलं की उतरायचं असेल, तर पास. मात्र पास काढला म्हणजे सगळं भागलं असं नाही. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅम युरोस्टार या गाड्यांना पास असला तरी सीटचं रिझर्वेशन वेगळे पैसे भरून घ्यावंच लागतं, आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांना जागाही मोजक्याच ठेवतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये दिवसाच्या बहुतेक गाड्यांत पास घेऊन थेट चढता येतं. तुमच्यातले जे २७ वर्षांचे किंवा त्याहून लहान असतील त्यांना सवलतीचा युथ पास मिळेल. आम्ही सुटी तिकिटं काढली होती.

आता रात्रीची गाडी.

आम्हीही पाचच जण. त्यातला एक सीए. सगळी आखणी त्याची, आणि आखणी चांगली करतो हे मी नाकारत नाही. आणखी एक मित्र इगतपुरीचा, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला. त्याचे वडील कसारा घाटात बँकर इंजिनवर होते. नाशिककरांना बँकर म्हणजे काय ते सांगायला नको. पंचवटी एक्सप्रेसने ये-जा करणाऱ्या प्रत्येक पासधारकाला कसाऱ्याला मागून बसणारा तो धक्का झोपेतही कळतो. दर ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे तो. मागे इंजिनं लावायची, गाडी ढकलत वर न्यायची आणि इगतपुरीला सोडायची.

या मित्राला युरोपात एकच गोष्ट बघायची होती. आल्प्समधला ब्रेनर घाट, तोही गाडीच्या खिडकीतून. पॅरिस नाही, रोम नाही. कसारा घाटाची लाइन १८६५ मध्ये सुरू झाली आणि ब्रेनरची १८६७ मध्ये, हे त्याला तोंडपाठ. ब्रेनरचा चढही साधारण ४० ला १, म्हणजे आपल्याच जातीचा. त्या सबंध बैठकीत तो एकदाच बोलला, 'इन्सब्रुकवरून दिवसाउजेडी गेलो तर घाट बघता येईल.' त्यावर सीए म्हणाला, 'घाटच बघायचा तर कसारा आहे की. त्याला दोन लाख कशाला घालायचे?' सगळे हसले. तो गप्प झाला, आणि नंतर प्लॅनबद्दल त्याने एक शब्द काढला नाही.

मला ते फार लागलं. पैसे पाचही जणांचे सारखे होते.

मग मी सांगून टाकलं की आम्ही तिघं दिवसाच्या गाडीने जातो, तुम्ही दोघं रात्रीच्या गाडीने या, व्हेनिसला भेटू. एकमेकांना सोडून जायचं म्हणजे काय, ग्रुप कशाला म्हणायचं मग, असं बरंच झालं. पण शेवटी तसंच ठरलं.

आम्ही तिघं सकाळी व्हिएन्नाहून निघालो आणि सव्वाचार तासांत इन्सब्रुकला पोचलो. रात्री तिथंच राहिलो, दुसऱ्या दिवशी सकाळी व्हेरोनाकडे जाणारी गाडी धरली. इन्सब्रुक सोडलं की गाडी लगेच चढायला लागते. खाली सिल नदी, वर उतरत्या छपरांची घरं. सेंट योडोक नावाचं एक गाव येतं. तिथं रूळ बाजूच्या दरीत शिरून मोठा वळसा घेऊन परत येतात, त्यामुळे मघाशी शेजारी दिसलेलं चर्च थोड्या वेळाने पार खाली दिसतं. मित्र खिडकीला नाक लावून बसला होता. शेजारच्या रुळावरून एक मालगाडी चढत होती, अख्खेच्या अख्खे ट्रक लादलेली. तिचे डबे संपता संपेनात. शेवटी मागून ढकलणारं इंजिन आलं आणि हा जागेवरून उठून ओरडला, 'बँकर! अरे, बँकर लावलाय!' समोरची एक आजी दचकली, मग हसली.

वर ब्रेनर स्टेशन, उंची १३७१ मीटर. तिथं गाडी बराच वेळ थांबते, कारण ऑस्ट्रियाची १५ हजार व्होल्टची एसी वीज संपते आणि इटलीची ३ हजार व्होल्टची डीसी सुरू होते. आता हे वाचून जुन्या नाशिककरांना काय आठवलं असेल ते मला माहीत आहे. पूर्वी इगतपुरीलाही हेच व्हायचं, मुंबईकडची डीसी तिथं संपायची आणि पुढे एसी. मित्र फलाटावर उतरला, वरच्या तारांकडे बघत राहिला, आणि तिथूनच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल तारांकडे धरून तो त्यांना समजावत होता. पलीकडून त्यांचे प्रश्न येत होते: चढाला किती इंजिनं लावतात, उतारावर ब्रेक कसा धरतात, सिग्नल कुठल्या बाजूला. गार्डने शिट्टी दिल्यावर आम्ही त्याला हाताला धरून आत ओढला. पुढे बोलझानोच्या आसपास दरी रुंद होते आणि मांडवावर चढवलेल्या द्राक्षबागा सुरू होतात. वडील अजून फोनवरच होते, त्यांना बागाही दाखवून झाल्या.

व्हेरोनाला गाडी बदलून आम्ही दुपारी व्हेनिसला पोचलो, खोल्या मिळायची वेळ झालीच होती. रात्रीच्या गाडीने आलेले दोघं साडेआठलाच उतरले होते. खोली दुपारशिवाय मिळणार नव्हती, म्हणून बॅगा स्टेशनवर पैसे भरून ठेवल्या आणि अपुऱ्या झोपेचे डोळे घेऊन पुलांवर वरखाली करत बसले. संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो तेव्हा दोघं घोरत होते.

सीए आजही म्हणतो की आम्हाला व्हिएन्नात एक जास्तीचा दिवस मिळाला आणि हॉटेल वाचलं. हिशोब मांडूया. रात्रीच्या गाडीचा बर्थ फुकट मिळत नाही, आणि तिघांनी वाटून घेतलेली इन्सब्रुकची खोली त्याहून फार महाग नव्हती. जास्तीचा दिवस मिळाला हे खरं, पण दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ त्यांनी झोपेत घालवली. शिवाय व्हिएन्नाहून व्हेनिसला जाणारी दिवसाची गाडी सेमरिंगचा घाट ओलांडते. १८५४ सालचा रेल्वेघाट, युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. रात्रीच्या गाडीपायी या दोघांचा तोही हुकला. सीए मित्रा, तू हे वाचणार हे मला ठाऊक आहे, आणि मी अजूनही त्याच मतावर आहे. रेल्वेने फिरायचं ठरवलं आणि सगळ्यात सुंदर टप्पा अंधारात काढला, तर विमान काय वाईट होतं?

ब्रेनरच्या डोंगराखालून ५५ किलोमीटरचा बोगदा खणायचं काम चालू आहे. तो सुरू झाला की वेगाच्या गाड्या खालून जातील. वरचा घाट बघायचा तर हेच दिवस आहेत.

तेव्हा तुम्ही पाच जण यादी करायच्या आधी प्रत्येकाला एक-एक गोष्ट विचारा, जी राहिली तर त्याला खरंच वाईट वाटेल. जो कमी बोलतो त्याला आधी विचारा. आणि एखादा दिवस वेगवेगळं फिरायची मुभा नाशिकमध्येच ठरवून ठेवा. तिकडे फलाटावर बॅगा घेऊन हा विषय काढला तर मैत्री तुटते.

काही गोष्टी राहिल्या. गाडी बदलायची असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. पहिली गाडी लेट झाली आणि पुढची चुकली, तर युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे रेल्वेला तुम्हाला पुढच्या गाडीने न्यावं लागतं, आणि पोचायला तासाभराहून जास्त उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात. वेगवेगळी स्वस्त तिकिटं काढली असतील तर पुढचं वाया गेलं समजा. इटलीत पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड. व्हिसासाठी जिथं सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर जिथं पहिल्यांदा शिरणार तिथं. पैसे परत न मिळणारी तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच काढा.

बरोबर लहान मुलं किंवा गुडघे दुखणारं कोणी असेल तर मात्र माझं ऐकू नका. दर दोन दिवसांनी स्टेशनचे जिने चढण्यापेक्षा एका रात्रीत लांबचा पल्ला मारलेला त्यांना बरा. आणि डिसेंबरात जात असाल तर तिकडे साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा इन्सब्रुकहून सकाळचीच गाडी धरा. दुपारची घेतलीत तर अर्धा घाट काळोखात जाईल.