वाचक विचारतात : काळ्या खिडकीतलं ऐकायचं कसं?

या वेळचे प्रश्न विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांचे आहेत. काळी खिडकी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट किंवा कन्सोल; तिथे कमांड टाइप करून संगणकाला काम सांगतात. कमांड कानाला ऐकू येतात तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं वापरायची.

प्रश्न : कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीआयआर' (फाइलींची यादी देणारी कमांड) टाकून एंटर मारलं की आवाज सुसाट सुटतो आणि हवं ते फाइलचं नाव निसटतं. वरचा बाण दाबला तर जुनी कमांडच ऐकू येते. मागे जाऊन वाचायचं कसं?

उत्तर : कन्सोलमध्ये वरच्या-खालच्या बाणांचं काम मागच्या-पुढच्या कमांड आणणं एवढंच. वाचायला एनव्हीडीएचा रिव्ह्यू करसर, म्हणजे टाइप करण्याची जागा न हलवता पडद्यावरचा मजकूर वाचत फिरणारा करसर, वापरा. नमपॅडवर ७ म्हणजे मागची ओळ, ८ चालू, ९ पुढची. ४-५-६ शब्दांसाठी, १-२-३ अक्षरांसाठी. ८ लागोपाठ दोनदा दाबलं तर ओळीचं स्पेलिंग मिळतं. २ दोनदा दाबलं तर 'बी' होतं की 'डी' हा घोळ मिटतो. नम लॉक चालू असेल तर यातलं काहीच होत नाही, नुसते आकडे उमटतात. नमपॅड नसलेल्या लॅपटॉपवर एनव्हीडीएच्या सेटिंगमधून कीबोर्ड लेआउट 'लॅपटॉप' करा. मग एनव्हीडीए बटणासोबत (म्हणजे इन्सर्ट, किंवा सेटिंगमध्ये निवडलं असेल तर कॅप्स लॉक) वरचा-खालचा बाण ओळी वाचतो.

आणखी एक अडचण जुन्या विंडोजची. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीआधीच्या कन्सोलमध्ये पडद्याबाहेर सरकलेला मजकूर रिव्ह्यू करसरला दिसतच नाही. तिथे आधी कंट्रोल आणि वरचा बाण दाबून खिडकी वर सरकवावी लागते.

पण खरं सांगायचं तर लांबलचक यादी कन्सोलमध्ये ऐकूच नये. 'डीआयआर'च्या प्रत्येक ओळीत आधी तारीख, मग वेळ, मग आकार, आणि नाव सगळ्यात शेवटी. डोळा थेट शेवटच्या रकान्यावर जातो, कानाला ती सोय नाही. म्हणून 'डीआयआर', स्पेस, 'स्लॅश बी' टाका; नुसती नावं येतात. त्यापुढे उभी रेघ (शिफ्ट आणि बॅकस्लॅश) आणि 'क्लिप' लिहिलंत तर सगळं क्लिपबोर्डवर जातं. नोटपॅड उघडा, कंट्रोल-व्ही करा आणि नेहमीच्या बाणांनी सावकाश वाचा, कंट्रोल-एफने शोधा. 'क्लिप' लावल्यावर कन्सोल काहीच बोलत नाही, थेट पुढचा प्रॉम्प्ट येतो. बरेच जण कमांड फसली समजून पुन्हा पुन्हा एंटर मारतात. उलट, खरंच चूक झाली तर तिचा संदेश क्लिपबोर्डवर न जाता कन्सोलमध्येच ऐकू येतो.

फाइलींची नावं मराठीत असतील तर या वाटेने प्रश्नचिन्हांची माळ हाती येते. तेव्हा पॉवरशेल (विंडोजमधलीच कमांड देण्याची दुसरी खिडकी) उघडून 'गेट-चाइल्डआयटम', स्पेस, 'हायफन नेम', उभी रेघ, 'सेट-क्लिपबोर्ड' असं द्या. देवनागरी शाबूत राहते.

प्रश्न : कंट्रोल दाबून आवाज बंद केला तरी कमांड चालूच राहते. असं का?

उत्तर : नुसतं कंट्रोल फक्त एनव्हीडीएला गप्प करतं. कमांड थांबवायची तर कंट्रोल-सी. मात्र कन्सोलमध्ये काही मजकूर निवडलेला असेल तर कंट्रोल-सी तो कॉपी करतं, कमांड थांबवत नाही. आधी एस्केप दाबा. जुन्या कन्सोलमध्ये चुकून माउस क्लिक झाला की निवड सुरू होते आणि कमांडच अडकून पडते. एनव्हीडीए-टी दाबून शीर्षक ऐका. सुरुवातीला 'सिलेक्ट' ऐकू आलं तर हाच प्रकार आहे.

प्रश्न : टाइप केलेला फाइलचा पत्ता (पाथ) परत ऐकताना बरोबर वाटतो, तरी 'पाथ सापडत नाही' असं येतं.

उत्तर : बहुधा बॅकस्लॅश राहिला आहे किंवा दोनदा पडला आहे. एनव्हीडीए मूळ सेटिंगमध्ये ओळ वाचताना बॅकस्लॅश आणि उभी रेघ गाळतो. एनव्हीडीए-पी दाबत चिन्हं वाचण्याची पातळी 'ऑल'वर आणा. दिवसभर सगळीकडे स्वल्पविराम ऐकून डोकं उठेल, म्हणून ही सेटिंग कन्सोलपुरतीच ठेवा : कन्सोलमध्ये असताना एनव्हीडीए-कंट्रोल-पी, 'न्यू', आणि 'करंट अ‍ॅप्लिकेशन' निवडून प्रोफाइल करा. मग कन्सोलमध्ये परत येऊन चिन्हांची पातळी बदला.

प्रश्न : पेन ड्राइव्हवरचा एनव्हीडीए वापरतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कन्सोल उघडला की आवाज गायब.

उत्तर : पोर्टेबल प्रतीची ही मर्यादाच आहे. परवानगी मागणाऱ्या सुरक्षित पडद्यावर ती बोलू शकत नाही आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीतलंही तिला वाचता येत नाही. संगणक तुमचा असेल तर एनव्हीडीए रीतसर इन्स्टॉल करा. मग विंडोज-आर, 'सीएमडी', कंट्रोल-शिफ्ट-एंटर. परवानगीचा प्रश्न ऐकू आला की ऑल्ट-वाय.

प्रश्न : फोल्डरच्या शॉर्टकटला कंट्रोल-ऑल्ट-एम दिलं आहे. काल चालत होतं, आज नाही.

उत्तर : शॉर्टकट डेस्कटॉपवरून दुसरीकडे हलवला असणार. अशी बटणं डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असलेल्या शॉर्टकटलाच लागू होतात. आणि कंट्रोल-ऑल्ट-एन कशालाही देऊ नका. एनव्हीडीए बंद पडला तर तो परत सुरू करायची तीच वाट आहे.

प्रश्न : बरोबर 'डीआयआर' लिहूनही कन्सोल कमांड ओळखत नाही.

उत्तर : कीबोर्ड इनस्क्रिप्ट मराठीवर राहिला असेल. त्या लेआउटवर ही तीन बटणं दाबली की हलन्त, 'ग' आणि दीर्घ वेलांटी उमटते. विंडोज-स्पेसने इंग्रजीवर या. लेआउट बदलला की एनव्हीडीए त्याचं नाव सांगतो. एनव्हीडीए-२ दाबून टाइप होणारी अक्षरं बोलती ठेवलीत तर पहिल्याच अक्षराला कळेल.