६० बेड, तिघे डेव्हलपर आणि १२ सर्व्हिसेस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यातलं ६० बेडचं हॉस्पिटल, तुम्ही तिघे डेव्हलपर, जुनं सॉफ्टवेअर काढून नवं लिहायचंय. सल्लागाराने १२ मायक्रोसर्व्हिसेसचा, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या १२ छोट्या प्रोग्रॅमांचा, आराखडा दिलाय. ओपीडी, आयपीडी (भरती पेशंट), लॅब, फार्मसी, बिलिंग, प्रत्येक विभागाची वेगळी सर्व्हिस आणि वेगळा डेटाबेस. करावं का?

करू नका. सांगली-मिरजेत बरीच वर्षं हॉस्पिटलांची सॉफ्टवेअरं लावतोय आणि हाच उद्योग एकदा स्वतःच्या हाताने करून बसलोय, म्हणून सांगतो.

मिरजेतलं एक हॉस्पिटल, नाव नको. आम्ही फार्मसी आणि बिलिंग वेगळं केलं, मध्ये मेसेजची रांग ठेवली, म्हणजे फार्मसीने निरोप टाकायचा आणि बिलिंगने तो उचलायचा. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टर उरलेली औषधं फार्मसीत परत देतात, रिटर्नची पावती निघते आणि तेवढी रक्कम फायनल बिलातून वजा होते. एका शनिवारी रांग वाचणारा प्रोग्रॅम गपचूप बंद पडला. फार्मसीच्या स्क्रीनवर रिटर्न जमा, बिलात काहीच नाही. जतकडचे एक काका पावती हातात धरून काउंटरवर उभे आणि कॅशियर म्हणतोय, "सिस्टीमला दिसत नाही." दोघंही खरंच बोलत होते. बाहेर भाड्याची गाडी थांबलेली. शेवटी अकाउंटंटने बिल पेनाने दुरुस्त केलं, आणि पुढे महिनाभर आम्ही तसली पेनाची बिलं शोधत हिशेब जुळवत बसलो.

डेटाबेस एकच असता तर रिटर्न, स्टॉक आणि बिल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसलं असतं. झालं तर तिन्ही, नाही तर एकही नाही. डेटाबेस तोडला की ही हमी गेली. मग आउटबॉक्स (पाठवायचा निरोप आधी आपल्याच डेटाबेसमध्ये लिहून ठेवणं), सागा (काम पायऱ्यापायऱ्यांनी करणं आणि एखादी फसली तर आधीच्या पायऱ्या उलट्या एन्ट्रीने रद्द करणं), हे सगळं आपणच लिहायचं. सागाची कल्पना १९८७ च्या पेपरमधली, चांगली मुरलेली आहे. पण ती चालवायला रात्री रांगेवर नजर ठेवणारा माणूस लागतो. तुमच्या तिघांतला तो कोण?

जरा गणितही करून बघा. प्रत्येक सर्व्हिस ९९.५ टक्के वेळ चालू धरली आणि डिस्चार्जला त्यातल्या पाच एकाच वेळी लागल्या, तर पाची चालू असण्याची शक्यता ९७.५ टक्क्यांवर येते. महिन्याला जवळपास १८ तास डिस्चार्ज अडकलेला. एकच अॅप्लिकेशन त्याच दर्जाचं असेल तर साडेतीन तासांच्या आसपास.

पेशंट मास्टरचा, म्हणजे पेशंटच्या मूळ यादीचा, घोळ तर वेगळाच. आपल्याकडे एकाच गावचे, एकाच नावाचे तीन पेशंट सहज निघतात आणि एकाच पेशंटचे दोन यूएचआयडी, म्हणजे हॉस्पिटलचे पेशंट नंबरही. ते एकत्र करायची वेळ आली की १२ डेटाबेसमध्ये फिरा. एखाद्या ठिकाणी राहिलं, तर अॅलर्जीची नोंद जुन्याच नंबरवर पडून राहते.

मग वेगळं काहीच करायचं नाही का? करायचं, पण विभाग बघून नाही. जे बंद पडलं तरी काउंटर चालू राहिला पाहिजे, ते बाहेर काढा. लॅबची मशिनं सीरियल पोर्ट नाहीतर नेटवर्कवरून एएसटीएम किंवा एचएल७ या ठरलेल्या भाषांत रिपोर्ट पाठवतात, आणि केबल हलली तरी तो प्रोग्रॅम अडकतो. तो वेगळाच हवा. एक्स-रे, सीटीच्या इमेजेसही वेगळ्या. सीटीची एक स्लाइस साधारण अर्धा एमबी, ६०० स्लाइस म्हणजे ३०० एमबी. हे ओझं बिलांच्या डेटाबेसवर कशाला? ऑर्थँकसारखा तयार, मोफत डायकॉम सर्व्हर (डायकॉम म्हणजे अशा इमेजेसचा ठरलेला फॉरमॅट) लावा आणि आपल्याकडे फक्त लिंक ठेवा. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची, म्हणजे पेशंटचे रेकॉर्ड डिजिटल जोडणाऱ्या सरकारी योजनेची, जोडणीही वेगळी ठेवा. तिथे विनंती पाठवली की आधी नुसती पोच मिळते, खरं उत्तर नंतर तुमच्या कॉलबॅकवर (तुम्ही दिलेल्या पत्त्यावर) येतं, आणि रेकॉर्ड एफएचआयआर या आरोग्य-नोंदींच्या ठरलेल्या साच्यात बसवून द्यावं लागतं. त्यांचे नियम बदलले तर तेवढाच तुकडा बदलायचा. एसएमएस, व्हॉट्सअॅपचं तर सांगायलाच नको.

बाकी ओपीडी, आयपीडी, फार्मसी, बिलिंग एकाच अॅप्लिकेशनमध्ये, एकाच पोस्टग्रेस डेटाबेसवर. फक्त आतल्या भिंती पक्क्या बांधा: प्रत्येक मॉड्यूलचा स्कीमा (डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा) वेगळा, दुसऱ्याच्या टेबलात थेट हात घालायचा नाही. उद्या दुसरी शाखा निघाली, माणसं वाढली, तर त्याच भिंतींवर तोडता येतं. सिस्टीम ती बनवणाऱ्या संस्थेच्या आकाराची होते, असं मेल्विन कॉन्वे हा संगणकतज्ज्ञ १९६८ मध्येच सांगून गेला. तुम्ही तिघे एकाच टेबलावर डबा खाता, १२ सर्व्हिसेस कुठून निघणार?

आणखी एक, साताऱ्यात कदाचित लक्षात यायचं नाही. २०१९ च्या पुरात कृष्णा सांगलीत शिरली तेव्हा आम्ही आयर्विन पुलाची पातळी बघत एका हॉस्पिटलचा सर्व्हर मिरजेला हलवला. एक अॅप्लिकेशन, एक डेटाबेस, एक बॅकअप. रात्रीत उभं राहिलं. तेव्हा १२ तुकडे, १२ बॅकअप आणि प्रत्येकाची वेळ वेगळी असती, तर फार्मसी सहा वाजताची आणि बिलिंग चार वाजताचं, असं काहीतरी हाती आलं असतं.

जुना डेटा कशात आहे ते कळवा. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये असेल तर तारखांचा वेगळाच तमाशा असतो, त्यासाठी माझ्याकडे एक स्क्रिप्ट आहे.