गेनिस्टा आणि सायटिसस ही एकाच झुडपाची नावं आहेत का?

तुम्ही म्हणता, पिवळ्या फुलांचं ‘ब्रूम’ आणलं, त्याच्या चिठ्ठीवर ‘गेनिस्टा’ आहे आणि पुस्तकात तशाच झुडपाखाली ‘सायटिसस’. हे शेंगावर्गातले दोन वेगळे वंश, म्हणजे जवळच्या जातींचे गट आहेत, पण नावांचा घोळ जुना आहे. युरोपातल्या नेहमीच्या स्कॉच ब्रूमला वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली तिसऱ्याच वंशात, स्पार्टियममध्ये टाकलं होतं. आज तो सायटिसस स्कोपेरियस. इंग्लंडच्या प्लांटाजेनेट राजघराण्याचं नाव ‘प्लांटा गेनिस्टा’वरून, म्हणजे गेनिस्टाच्या झाडावरून आलं म्हणतात, पण तेही झाड बहुधा हेच!

ब्रूम म्हणजे आपला खराटा. लांब, हिरव्या, चिवट काड्या. पानं बारीक आणि लवकर गळणारी, त्यामुळे अन्न करायचं बरंचसं काम काड्यांवरच. त्यांच्या जुड्या बांधून खरोखरच खराटे करत. दोन्ही वंशांत हा थाट दिसतो, म्हणून लांबून ओळखायच्या फंदात पडू नका.

मी बी बघतो. वाळलेली शेंग सोला आणि भिंग घ्या. बीच्या टोकाला मांसल, फिकट टोपी चिकटलेली असेल तर बहुतेक सायटिसस. बी नुसतीच गुळगुळीत असेल तर गेनिस्टा. (फ्रेंच ब्रूम इथेही दगा देतो: टोपी असूनही हल्ली त्याला गेनिस्टात धरतात.) ही टोपी मुंग्यांसाठी. त्या बी ओढून नेतात, टोपी खातात आणि बी टाकून देतात.

स्कॉच ब्रूम निघाला तर एक गंमत करून बघा. ताज्या फुलाच्या खालच्या, होडीसारख्या पाकळ्यांवर नखाने हलकेच दाबा. फटकन केसर उसळतात आणि बोट पिवळं होतं. मधमाशीच्या वजनानेही हेच होतं, एका फुलात एकदाच. मध तिला जवळपास मिळतच नाही, हाती लागतो तो परागच.

आता न विचारलेलं सांगतो. अमेरिकेचा पश्चिम किनारा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे स्कॉच ब्रूम उपद्रवी तण आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर ग्रँट नावाच्या एका कॅप्टनने १८५० साली बिया पेरल्या, जेमतेम तीन झुडपं जगली, आणि आज बेटभर तेच. बिया जमिनीत कित्येक दशकं तग धरतात. शिवाय कडक उन्हात शेंगेच्या फाकी पिळवटून टक्कन फुटतात आणि बिया लांब उडतात. तेव्हा ओळख पटवायला दोन-तीनच शेंगा ठेवा, त्यांवर कागदी पिशवी बांधा, आणि बाकीच्या हिरव्या असतानाच कापून टाका.