गाडीला अंगणातला सॉकेट चालेल का?

प्रश्न : नवीन इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे. बागेच्या पंपासाठी अंगणात १६ अँपिअरचा सॉकेट आहे, त्यावर एक्स्टेन्शन लावून रात्रभर चार्ज करतो. परवा सकाळी प्लग काढताना हाताला चटका बसला. मधूनमधून एमसीबीही पडतो. मोठा एमसीबी टाकला तर भागेल का?

उत्तर : नाही. आणि आज रात्री त्या सॉकेटवर गाडी लावू नका, ही कळकळीची विनंती. वायर तीच ठेवून एमसीबी वाढवला, तर वायर करपेल तरी तो पडणार नाही.

पंप वीस मिनिटं चालतो, गाडी मात्र आठ-आठ तास सलग तीनेक किलोवॅट ओढते. स्क्रू जरासा सैल असला की तिथे उष्णता होते, उष्णतेने सॉकेटमधली पितळी पकड ढिली पडते आणि मग ती आणखी तापते. एमसीबी हा जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच; इथे करंट वाढत नाही, त्यामुळे त्याला याचा पत्ताच नसतो. तीस वर्षं वायरिंग करतोय. असा एक सॉकेट उघडला होता. बाहेरून भोकाभोवती फक्त तपकिरी डाग. आत फेजच्या वायरचं इन्सुलेशन बोटभर करपलेलं, नख लावलं तर चुरा पडला.

मुख्य डीबीपासून, म्हणजे घरातले एमसीबी असतात त्या बॉक्सपासून, गाडीसाठी स्वतंत्र लाइन ओढून घ्या. १६ अँपिअरला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, ३२ अँपिअरच्या चार्जरला ६. अंतर लांब असेल तर त्याहून जाड. एक्स्टेन्शन कायमचं बंद. बाहेरचा बॉक्स आयपी ६५ दर्जाचा हवा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न शिरणारा. केबल त्यात खालून न्या, म्हणजे पाणी तिच्यावरून आत ओघळणार नाही.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच, लागेलच. तो साधा एसी टाइपचा नको, चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होतो, म्हणजे गळती असूनही पडत नाही. चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखायची सोय असेल तर टाइप ए पुरतो, नसेल तर टाइप बी.

सगळ्यात जास्त काळजी मला अर्थिंगची वाटते. अर्थ नीट नसेल तर बरेच चार्जर चालूच होत नाहीत. मग कुणीतरी सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून देतो आणि गाडी चार्ज होऊ लागते. पुढे न्यूट्रल कुठे तुटला, तर गाडीच्या पत्र्यावर करंट येतो. लहान मूल अनवाणी गाडीला हात लावतं, हे विसरू नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, आकडा लिहून मागा. घराचा मंजूर भारही त्याच वेळी तपासून घ्या.