अनुकूल नियंत्रण की अनुकूली नियंत्रण?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय की सोलर आणि पवनचक्क्यांवरच्या लेखाचं मराठी करताना अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलला "अनुकूल नियंत्रण" लिहिलं तर चालेल का.

नका लिहू हो ताई. अनुकूल म्हणजे सोयीचं, अनुकूल वारा म्हणतो ना आपण, आणि तुमच्या लेखात तर पवनचक्क्याच आहेत म्हणजे घोळ पक्का. अनुकूली बरोबर आहे, शाळेत सजीवांचं अनुकूलन शिकलो त्यातलंच, पण सगळा अर्थ एका दीर्घ ईवर लटकतो आणि प्रूफ बघणारा तीच "सुधारून" टाकतो.

पण आधी बघा, लेखातलं कंट्रोल खरंच अ‍ॅडॅप्टिव्ह आहे का. ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली आली की प्लांटने पॉवर वाढवायची, वर गेली की कमी करायची, हे झालं नुसतं स्वयंचलित, किती फरकाला किती पॉवर ते आधीच ठरलेलं. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये ते ठरलेलं गणितच चालता चालता बदलतं. घोडबंदर रोडला पुढची गाडी जवळ आली म्हणून ब्रेक दाबणं वेगळं, आणि पहिल्या पावसात रस्ता निसरडा झालाय हे ओळखून ब्रेक किती आधी नि किती हलका दाबायचा तेच बदलणं वेगळं. इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे प्लांटची वीज ग्रिडला चालेल अशी करून देणाऱ्या यंत्रात, जे सेटिंग दणकट ग्रिडवर झकास चालतं तेच लांबच्या कमजोर लाइनच्या टोकाला व्होल्टेज हेलकावायला लावू शकतं, म्हणून ग्रिडचा अंदाज घेत सेटिंग बदलत राहायचं.

सेटिंग म्हणजे किरकोळ गोष्ट वाटते, पण २८ सप्टेंबर २०१६ला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळात टॉवर पडले, व्होल्टेज लागोपाठ ढासळत राहिलं, आणि काही विंड फार्मना असे किती दणके सोसायचे याची मर्यादा आधीच घालून ठेवलेली, ती ओलांडल्यावर ४५६ मेगावॉट कमी झाले, शेजारच्या राज्यातून येणाऱ्या लाइनवर ताण येऊन तीही ट्रिप झाली आणि जवळजवळ अख्खं राज्य अंधारात.

मी सरळ "जुळवून घेणारं नियंत्रण" लिहीन. सासरचा वास येतो म्हणाल तर येऊ दे, अर्थ तरी लगेच कळतो. मथळ्यात जागा नसेल तर अनुकूली.

स्टेशनला स्थानक नको, वीजकेंद्र लिहा, नाहीतर लोक लोकल शोधतील. ग्रिडला ग्रिडच राहू दे. तुमच्या ऐरोलीतच राज्याच्या ग्रिडवर लक्ष ठेवणारं राज्य भार प्रेषण केंद्र (स्टेट लोड डिस्पॅच सेंटर) आहे, त्यालाही सगळे एसएलडीसीच म्हणतात.