तप्तकुंड, उंची आणि रक्तदाबाची गोळी

अक्षय्य तृतीया जवळ आली की चारधामला निघालेल्यांचे प्रश्न येऊ लागतात. यमुनोत्रीचं कुंड, बद्रीनाथचं तप्तकुंड, हिमाचलातल्या मणिकर्णचे झरे. गावं वेगळी, घोळ तोच: गरम पाण्याची भीती कोणालाच नाही, आणि उंचीचा विचार शेवटी, निघायच्या आदल्या रात्री. निवडक प्रश्नांची उत्तरं देतो.

प्रश्न : यमुनोत्रीच्या सूर्यकुंडात तांदूळ-बटाटे शिजतात म्हणे. त्यात निदान हात तरी बुडवता येईल का? (सातारा)

नाही. पाणी 88 अंशांच्या घरात असतं, आणि साधारण 3,300 मीटरवर पाणी 89 अंशांनाच उकळतं. म्हणजे तुम्ही जवळजवळ उकळत्या पाण्याबद्दल विचारताय. पुरचुंडी दोरीने सोडा आणि हात वर ठेवा. अंघोळीचं कुंड वेगळं असतं.

प्रश्न : सूनबाईंना चौथा महिना आहे. बद्रीनाथला कुंडात बसल्या तर चालेल ना? (नाशिक)

कुंडात नाही. आणि त्या उंचीवर जायचं की नाही, हे आधी त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, सासूबाईंना किंवा टूरवाल्याला नाही.

प्रश्न : वय 64. नऊ वर्षं बीपी आहे. सकाळी टेल्मिसार्टन-अॅम्लोडिपिनची एकत्र गोळी, रात्री प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. पॅकेजनुसार आम्ही ऋषिकेशहून निघून त्याच दिवशी संध्याकाळी बद्रीनाथला पोचतो, लगेच तप्तकुंडात स्नान, दर्शन आणि पहाटे परत. स्नानाच्या दिवशी गोळ्या बंद ठेवाव्यात असं एका मित्राने सांगितलं. ठेवू का? (सांगली)

बंद ठेवू नका. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं सावकाश वाचा.

बद्रीनाथ 3,100 मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्के, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही खालच्या 70 टक्केच. ऋषिकेश चारशे मीटरच्याही खाली. एका दिवसात शरीराला एवढी चढाई पचवायला लावली की नाडी वाढते, रात्री झोप लागत नाही, आणि पहिल्या काही दिवसांत रक्तदाबही वर जातो. अशा वेळी गोळी बंद करायची म्हणजे उतारावर ब्रेक काढून ठेवायचा.

आता कुंड. तप्तकुंडाचं पाणी 45 अंशांच्या आसपास, कधी त्याहून वर. घरी गीझरच्या पाण्यात थंड मिसळून आपण अंगावर घेतो ते 38 ते 40. या पाच अंशांत सगळा फरक पडतो. गरम पाण्यात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलतात. पाण्यात छातीपर्यंत बसलेले असताना बाहेरून पाण्याचा दाब पायांवर, पोटावर असतो, तो रक्त वर छातीकडे ढकलतो, त्यामुळे बसल्या बसल्या बरं वाटतं. खरी गडबड उठताना होते. तुम्ही बाहेर पाऊल टाकता, तो दाब क्षणात निघून जातो, रक्त फुललेल्या वाहिन्यांतून पायांकडे उतरतं आणि मेंदूकडे जायचं ते कमी पडतं. डोळ्यांसमोर अंधारी येते. पायाखाली ओला दगड, बाजूला कठडा, खाली अलकनंदा.

त्यात तुमच्या दोन्ही गोळ्या. अॅम्लोडिपिन वाहिन्या सैल करतं. टॅमसुलोसिन प्रोस्टेटचं औषध म्हणून घेतलं जातं, पण उभं राहताना रक्तदाब खाली आणण्याचा गुण त्याच्यातही आहे. बीपीच्या गोळीची चौकशी सगळे करतात, प्रोस्टेटची गोळी कोणी मोजतच नाही. तिच्यावर आणखी दोन गोष्टींची भर पडते: दर्शनाआधी काही खायचं नाही म्हणून रिकामं पोट, आणि वाटेत लघवीला थांबावं लागेल म्हणून दिवसभर न प्यालेलं पाणी. चढाई, उष्णता, गोळ्या, उपास आणि तहान एकाच तासात एकत्र येतात. पाणी पवित्र आहे की नाही हा माझा विषय नाही. क्रम मात्र चुकतोय.

आणि एवढं झाल्यावर घेरी आलेल्या माणसाच्या जिभेखाली शेजारचा कोणीतरी सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयविकाराची छातीतल्या दुखण्यावरची गोळी, सारतो! सॉर्बिट्रेट वाहिन्या आणखी सैल करतं. आधीच घसरलेला दाब पार तळाला जातो. घेरी आली तर माणसाला आडवं करा, पाय उचलून धरा, अंगावर कोरडं पांघरूण घाला. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखर-मीठ घातलेलं पाणी. छातीत दाबल्यासारखं वाटत असेल, घाम फुटला असेल किंवा दोन-तीन मिनिटांत तरतरी आली नाही तर यात्रामार्गावरच्या वैद्यकीय केंद्रात न्या. आधी चहा पिऊन बघू, असं करू नका.

पॅकेज बदलून घ्या. पुढे जाण्याआधी एक रात्र जोशीमठला (सुमारे 1,900 मीटर) काढा. बद्रीनाथला पोचल्यावर त्या दिवशी स्नान नाही. खा, कोमट पाणी प्या, लघवीचा रंग फिकट होईपर्यंत पीत राहा. कुंडावर जायचंच असेल तर तांब्याभर पाणी हातापायांवर घ्या. दुसऱ्या दिवशी, रात्री डोकं दुखलं नसेल तरच, हलकं काहीतरी खाऊन कुंडावर जा. दोन खजूर आणि अर्धा कप दूध घेतल्याने उपास मोडतो असं वाटत असेल, तर घरच्या गुरुजींना निघण्याआधी विचारून ठेवा. तिथे गेल्यावर वाद घालायला अंगात त्राण नसतं.

पाणी हाताच्या तळव्याने पाहू नका, तळवा निबर असतो, कोपराने पाहा. बाळाच्या अंघोळीच्या पाण्याचं तापमान बघायचं साधं थर्मामीटर खिशात असेल तर उत्तम, 40 च्या वर आकडा दिसला तर नुसते पाय. आधी पायरीवर बसून दोन मिनिटं पाय सोडा. मग कमरेपर्यंत. गळ्यापर्यंत बसायचं नाही, पाच मिनिटांच्या वर थांबायचं नाही. निघताना काठावर बसा, पाय पाण्यातच राहू द्या, मिनिटभराने एकेक पाय बाहेर काढा, कोणाचा तरी हात धरून उभे राहा. टॉवेल, कोरडे कपडे आणि लोकरी टोपी घेऊन एक माणूस कोरडा उभा हवा. सगळं कुटुंब एकदम पाण्यात आणि पिशव्या लांब बाकावर, हे चित्र रोजचं आहे.

गोळ्यांच्या वेळा किंवा मात्रा बदलायच्या का, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांना महिनाभर आधी भेटा. मित्राला नको.

प्रश्न : आम्ही दर वर्षी वज्रेश्वरीच्या कुंडात अंघोळ करतो, कधी काही झालं नाही. मग हिमालयात एवढं काय? (ठाणे)

वज्रेश्वरी समुद्रसपाटीपासून फार वर नाही. उत्तर एवढंच.

प्रश्न : आईला पंधरा वर्षं मधुमेह आहे, सकाळी इन्सुलिन घेते. पायांना मुंग्या येतात, गरम पाण्याने बरं वाटतं म्हणते. मणिकर्णला पाय शेकले तर? (सोलापूर)

मुंग्या म्हणजे पायांच्या नसा खराब व्हायला लागल्या आहेत. अशा पायाला उष्णता नीट कळत नाही, आणि म्हणूनच "बरं वाटतं" या शब्दांवर विश्वास ठेवू नका. मणिकर्णचे झरे मुळाशी 90 अंशांच्या वर आहेत, गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा भात-डाळ त्यावर शिजते. स्नानाच्या कुंडात थंड पाणी मिसळलेलं असतं, पण कडेच्या फरशा आणि पाइप तापलेले असतात. पन्नास अंशांच्या पाण्यात काही मिनिटांत कातडी भाजते, साठ अंशांना काही सेकंद पुरतात. आईंना ते संध्याकाळी मोजे काढताना कळेल, आणि ती जखम भरायला महिने जातील. अनवाणी चालणं बंद. देवळाच्या आवारात जाड सुती मोजे चालतात. रोज रात्री तळवे आरशात पाहा.

इन्सुलिनचं वेगळं आहे. टोचून लगेच गरम पाण्यात बसलं की ते भराभर रक्तात उतरतं आणि साखर खाली येते. इंजेक्शन, मग खाणं, मग निदान दोन तास, आणि मग स्नान, तेही आधी साखर तपासून. इन्सुलिनचं पेन बसच्या टपावरच्या बॅगेत टाकू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पुन्हा नीट दिसलं तरी फेकून द्यायचं असतं. स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. ग्लुकोमीटरही थंडीत चुकीचे आकडे दाखवतो, तोही तिथेच. डोसबद्दल मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : भीमसेनी कापूर हुंगत राहिलं की ऑक्सिजन वाढतो. आमच्या ग्रुपने किलोभर घेतलाय. शिवाय वाटेत ऑक्सिजनचे डबे मिळतात, ते प्रत्येकी दोन घ्यावेत का? (पुणे)

कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. उरलेला कापूर आरतीला वापरा आणि लहान मुलांपासून दूर ठेवा, पोटात गेला तर विषारी असतो.

डब्यांचा हिशेब स्वतःच करा. डब्यावर दहा लिटर लिहिलेलं असेल आणि मिनिटाला दोन लिटर ओढलात, तर पाच मिनिटं. दोन डबे म्हणजे दहा मिनिटं. या दहा मिनिटांत धीर येतो, आणि धीर आला की माणूस खाली उतरायचं पुढे ढकलतो. विकणाऱ्याचा धंदा त्यावरच चालतो.

प्रश्न : मागच्या वर्षी बद्रीनाथला पहिल्याच रात्री यजमानांचं डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली. पित्त असेल म्हणून आम्ही सकाळी त्यांना तप्तकुंडात नेलं. यंदा काय काळजी घ्यावी? (कोल्हापूर)

डोंगरावर पोचल्याच्या पहिल्या दिवशी डोकेदुखी आणि त्यासोबत उलटी, भूक जाणं किंवा न पेलणारा थकवा असेल तर ते पित्त नाही. दुसरं कारण सापडेपर्यंत उंचीचा त्रास समजायचा. त्यात गरम पाण्यात बसवणं म्हणजे आधीच सुकलेल्या माणसाला घाम काढायला लावणं.

सौम्य असेल तर तिथेच विश्रांती, पाणी, पॅरासिटामॉल, आणि आणखी वर जायचं नाही. बद्रीनाथच्या पुढच्या माणा गावाची फेरीसुद्धा नको. पण बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, बोलणं विसंगत होत असेल, किंवा एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालता येत नसतील, तर खाली. उद्या नाही. डोंगरातल्या रस्त्यांवर रात्रीच्या वाहतुकीला निर्बंध असतात, म्हणून संध्याकाळी शंका आली तर संध्याकाळीच डॉक्टरांना दाखवा आणि निर्णय घ्या. जोशीमठ रस्त्याने 45 किलोमीटर आणि बाराशे मीटर खाली आहे. बद्रीनाथपर्यंत गाडी जाते, त्यामुळे उतरणं सोपं आहे. यमुनोत्रीला तसं नाही, जानकीचट्टीपर्यंतची पाच-सहा किलोमीटरची पायवाट उतरावी लागते, कंडीत (माणसाच्या पाठीवरच्या टोपलीत) बसून किंवा घोड्यावरून. तिथे आणखी लवकर ठरवावं लागतं.

प्रतिबंधासाठी अॅसिटाझोलामाइड, बाजारातलं डायमॉक्स, साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना झिणझिण्या येतात, लघवी जास्त होते. सल्फाची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर गणित बदलतं. म्हणून औषधांच्या दुकानातून परस्पर घेऊ नका. मागच्या वर्षीची हकीगत डॉक्टरांना आवर्जून सांगा. ज्याला एकदा त्रास झाला त्याला पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्न : गंधकाच्या पाण्यात सात दिवस बसलं की गुडघ्यांची झीज भरून येते का? तिथल्या पाण्याच्या बाटल्याही विकतात. (जळगाव)

भरून येत नाही. उष्णतेने स्नायू सैलावतात, आखडलेपणा काही तास कमी होतो, तेवढं तुमच्या जिल्ह्यातल्या उनपदेवच्या गरम झऱ्यावरही मिळेल. गुडघा सुजलेला आणि आधीच गरम असेल तर शेकू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. बाटली घेऊ नका. त्या पाण्यात काय काय विरघळलंय हे तिच्यावर लिहिलेलं नसतं, आणि प्यायचं तर मुळीच नाही.

प्रश्न : गजकर्णासाठी कुंड चांगलं ना? (लातूर)

तुमच्यासाठी नाही आणि तुमच्यानंतर उतरणाऱ्यांसाठी तर नाहीच. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. दुकानातून आणलेलं स्टिरॉइडचं मिश्र मलम लावत असाल तर त्याचं खोकंही सोबत न्या.

प्रश्न : केदारनाथला जाताना गौरीकुंडात गरम पाण्याने अंघोळ करून चढायचा बेत आहे. (अमरावती)

जुनं कुंड 2013 च्या जूनमधल्या पुरात उद्ध्वस्त झालं. जुने फोटो पाहून बेत आखू नका. आणि सोळा किलोमीटरच्या चढाआधी गरम पाण्यात अंग सैल करून घ्यायची गरजही नाही.

प्रश्न : नातू चार वर्षांचा आहे. त्याला कुंडात डुबकी मारायला लावावी का? (रत्नागिरी)

डुबकी नको, कोणालाच नको. कोमट-गरम गोड्या पाण्यात क्वचित असा जंतू असतो की जो नाकावाटे मेंदूत जातो. क्वचित, पण झाला तर जीवघेणा. डोकं पाण्याबाहेर. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं, त्यामुळे त्याला कुंडात बसवू नका, बाहेर दोन तांबे थंड मिसळून अंगावर घाला. चिडचिड करतोय, जेवत नाहीये, खेळत नाहीये, तर तो हट्ट नसून उंचीचा त्रास असू शकतो. त्याला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, आणि सर्दी-खोकला चालू असेल तर त्याला या वर्षी घरीच ठेवा.